व्यायामात रक्तदाब चढतो, मग बॅरोरिफ्लेक्स नाडी का मंदावत नाही?

प्रश्न:
मानेतल्या धमनीचा दाब ओळखणारा भाग, म्हणजे कॅरोटिड सायनस, ताणला की नाडी मंदावते ना (हाच बॅरोरिफ्लेक्स)? मग सायकल मारताना सिस्टोलिक (वरचा रक्तदाब) १८०, नाडी १५०, हे एकाच वेळी कसं? रिफ्लेक्स बंद पडतो का?

उत्तर १:
बंद पडत नाही, त्याचा सेट-पॉइंट, म्हणजे तो जो दाब राखू पाहतो तो, वर सरकतो. एरवी दाबाचा संदेश नवव्या आणि दहाव्या क्रेनियल नर्व्हमधून (मेंदूच्या नसांमधून) मेड्युलातल्या, म्हणजे मेंदूच्या बुंध्याच्या खालच्या भागातल्या, एनटीएस या केंद्राला पोचतो. एनटीएस तिथल्याच सीव्हीएलएम या केंद्राला चेतवतं आणि ते गाबा हे शमवणारं रसायन सोडून आरव्हीएलएम या दाब चढवणाऱ्या केंद्राला दाबतं, म्हणून सिंपथेटिक (नाडी आणि दाब वाढवणाऱ्या) नसांचा ओघ घटतो. व्यायामात सेंट्रल कमांड (हालचालीसोबत मेंदूकडून येणारा हुकूम) आणि स्नायूंतले ग्रुप ३ व ४ चे संवेदी तंतू याच जाळ्यावर काम करतात. दाबानुसार नाडी कशी बदलते ते दाखवणारा वक्र वर आणि उजवीकडे जातो, रक्तदाबावरची पकड मात्र जवळपास तेवढीच राहते. १८० वरही दाब एकदम घसरला तर दुरुस्ती होतेच!

उत्तर २:
स्नायूंचा वाटा वेगळा पाहायचाय? कमाल जोराच्या ३० टक्क्यांवर २ मिनिटं हँडग्रिप दाबून धरा. सोडायच्या काही सेकंद आधी त्याच दंडावरचा कफ सिस्टोलिकच्या बराच वर फुगवा. रक्तदाब दुसऱ्या हातावर मोजा. मूठ सैल पडली तरी दाब चढलेलाच राहतो, कारण अडकलेली चयापचयद्रव्यं ग्रुप ४ ला डिवचत राहतात. नाडी मात्र उतरते, कारण व्हेगस (नाडी मंदावणारी दहावी नर्व्ह) परत कामाला लागते. आलम आणि स्मर्क यांनी १९३७ मध्ये हे दाखवलं. श्वास रोखू देऊ नका, नाहीतर वल्साल्व्हामुळे (श्वास कोंडून जोर लावल्यामुळे) आकडे बिघडतात. इथेच सगळे चुकतात.

प्रश्नकर्ता:
आणि एकदम थांबल्यावर चक्कर येते ती?

उत्तर १:
पोटऱ्यांचा पंप थांबतो, पण तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्याच असतात. शिरांतून हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. काही मिनिटं हळू पायडल मारत राहा.