लिनक्सवर आवाज गेलाय, चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आहे, कृपया लवकर मदत करा

घुमटवाला_साखळी | सोमवार, रात्री ९:४२
लोकहो, कालपासून कॉम्प्युटरवर आवाज येत नाहीये. व्हिडिओ चालतो, खालची लाल रेघ पुढे सरकते, पण आवाज शून्य. स्पीकर बदलून बघितले, तीन वेळा रिस्टार्ट केला, व्हॉल्यूम पूर्ण वर आहे. चवथीला बारा दिवस राहिलेत आणि वाड्यावरची पाच पोरं रोज संध्याकाळी माझ्याकडे घुमट (मडक्याला चामडं ताणून केलेलं वाद्य) वाजवत म्हणायच्या आरत्या शिकायला बसतात, जुन्या मंडळींचं एक रेकॉर्डिंग यूट्यूबवर आहे त्यात माझे बाबा शामेळ (घुमटाच्या जोडीचा ढोल) वाजवतायत, ते ऐकवतच मी शिकवतो कारण तोंडाने बोल सांगून तो ताल पोरांच्या हातात उतरत नाही. आज पोरं आली आणि अर्धा तास बसून तशीच घरी गेली. कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

पेंग्विन_फोंडा | रात्री ९:५५
कुठला लिनक्स, कितवी आवृत्ती, कुठला ब्राउझर? स्पीकर मागच्या हिरव्या पिनला आहेत की यूएसबीवर? डेस्कटॉप की लॅपटॉप? यातलं काहीच लिहिलेलं नाही, अंदाजाने काय सांगणार.

म्हापसा_बाजार | रात्री १०:०३
टर्मिनल उघडा आणि अल्सामिक्सर (साउंड कार्डाच्या व्हॉल्यूमच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम) चालवा. एफ६ दाबून साउंड कार्ड निवडा, मग ज्या पट्टीखाली एमएम (म्हणजे म्यूट) दिसेल तिथे जाऊन कीबोर्डवरचं एम दाबा, ओओ झालं की आवाज सुरू. शेवटी ऑटो-म्यूट मोड असेल तर तोही डिसेबल करा. मला २०१९ मध्ये अगदी हाच त्रास झाला होता, दोन मिनिटांत सुटला.

पणजी_ते_पुणे | रात्री १०:१०
मी दोन वर्षं लिनक्स वापरलं आणि सोडलं. विंडोज टाका, चवथीच्या तोंडावर कशाला डोकेदुखी.

घुमटवाला_साखळी | रात्री १०:३१
अहो विंडोज टाकायला वेळ असता तर इथे कशाला विचारलं असतं. लिनक्स मिंट आहे. अल्सामिक्सर बघितला, कुठेही एमएम नाही, सगळ्या पट्ट्या वर आहेत. व्हीएलसी प्लेअरमध्ये गाणी वाजतात, फक्त व्हिडिओला आवाज नाही.

पेंग्विन_फोंडा | रात्री १०:३६
हे पहिल्याच ओळीत हवं होतं! व्हीएलसी वाजतं म्हणजे कार्ड, ड्रायव्हर, केबल, स्पीकर सगळं धड आहे. अल्सामिक्सर विसरा आता. "व्हिडिओला" म्हणजे ब्राउझरमधल्या व्हिडिओला ना? कुठला ब्राउझर ते अजून सांगितलंच नाही. आणि मिंट २१ की २२? तो फरक महत्त्वाचा आहे, सगळ्या प्रोग्रामचा आवाज सांभाळायला २१ पर्यंत पल्सऑडिओ होतं आणि २२ पासून त्याच्या जागी पाइपवायर आलं.

म्हापसा_बाजार | रात्री १०:४४
२२ असेल तर तिथेच गोम आहे. पाइपवायर काढून टाका आणि परत पल्सऑडिओ बसवा. इतकी वर्षं सुरळीत चाललेली गोष्ट ह्या लोकांनी का बदलली देव जाणे.

पेंग्विन_फोंडा | रात्री १०:५२
घुमटवाले, कृपा करून असलं काही करू नका. फेडोरा लिनक्सने २०२१ मध्ये आवृत्ती ३४ पासून पाइपवायर घेतलं, उबुंटू लिनक्सने २२.१० पासून, लाखो लोकांच्या मशीनवर रोज चालतंय. आणि पाइपवायर बिघडलं असतं तर व्हीएलसीसुद्धा मुकं झालं असतं, कारण दोघांचा आवाज त्याच्यातूनच जातो. चालू सिस्टिममधून आवाजाचा पायाच उपटून काढायचा सल्ला, तोही नेमका प्रॉब्लेम कळायच्या आधी, हे मला अजिबात पटत नाही.

म्हापसा_बाजार | रात्री ११:००
माझ्या दोन मशीनवर मी हेच केलंय आणि दोन्ही आजही वाजतायत. अनुभवाने सांगतोय, पुस्तक वाचून नाही.

बाय_मडगाव | रात्री ११:०८
भांडू नका हो, तो बिचारा पोरांसाठी अडलाय. भाऊ, तीन साध्या गोष्टी बघा. एक, व्हिडिओ चालू असताना वर टॅबच्या नावाजवळ स्पीकरचं चित्र दिसतं का आणि त्यावर तिरकी रेघ आहे का. फायरफॉक्स असेल तर कंट्रोल आणि एम चुकून एकत्र दाबलं तरी टॅब म्यूट होतो, माझ्याकडून दोनदा झालंय. दोन, यूट्यूबच्या आतलं स्पीकरचं बटण. तीन, दुसरा कुठला ब्राउझर असेल तर त्यात तोच व्हिडिओ लावून बघा.

डिचोली_नाका | रात्री ११:१५
एवढं कशाला, वायटी-डीएलपी नावाचा प्रोग्राम आहे त्याने तो व्हिडिओ उतरवून घ्या आणि व्हीएलसीत वाजवा. मी सगळी भजनं अशीच साठवून ठेवलीत, पावसात नेट गेलं तरी अडत नाही. हवं तर नुसता ऑडिओ पण काढता येतो, पेनड्राइव्हवर टाकून गाडीत लावायचा.

घुमटवाला_साखळी | मंगळवार, सकाळी ७:२०
रात्री आमच्याकडे वीज गेली म्हणून उत्तर देता आलं नाही. डिचोलीवाले, धन्यवाद, पण मला ब्राउझरमध्येच आवाज हवाय, बायकोची ऑनलाइन ट्रेनिंगपण शुक्रवारी त्यातच आहे, एका व्हिडिओपुरतं करून भागणार नाही. मिंट २२, सिनॅमन डेस्कटॉप. फायरफॉक्स. ताई, टॅबवर स्पीकरचं चित्र आहे, रेघ नाही. यूट्यूबचं बटण चालू आहे. क्रोमियम आहे, त्यात आवाज येतो.

पेंग्विन_फोंडा | सकाळी ७:४१
क्रोमियममध्ये येतो! म्हणजे फक्त फायरफॉक्स मुका आहे, आणि टॅबवर स्पीकरचं चित्र आहे म्हणजे त्याच्या हिशेबाने तो आवाज काढतोय. तो आवाज भलतीकडे चाललाय असा माझा दाट संशय आहे. पॅव्हूकंट्रोल नावाचा, कुठला प्रोग्राम कुठे वाजतोय ते दाखवणारा छोटा प्रोग्राम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका, उघडा, आणि पहिल्या प्लेबॅक टॅबवर काय दिसतं ते इथे लिहा.

सत्तरी_रान | सकाळी ८:०५
विषय सोडून विचारतो, माफ करा, पण तुम्ही पोरांना कुठली घुमटं देता? आमच्याकडे सगळी आता बकऱ्याच्या चामड्याची आणि म्हातारे लोक म्हणतात घोरपडीच्या चामड्याचा तो घुमणारा आवाज ह्यात नाही.

घुमटवाला_साखळी | सकाळी ८:१२
बकऱ्याचीच. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तिला मारून वाद्य करायचं हे मला मान्यच नाही. मडकं चांगलं भाजलेलं असेल, चामडं नीट ताणलेलं असेल आणि दुसऱ्या बाजूच्या लहान तोंडावर डावा तळवा उघडझाप करायची सवय लागली तर बकऱ्याचं घुमटसुद्धा पोट हलवतं.

म्हापसा_बाजार | सकाळी ८:३०
ह्याच्याशी मात्र शंभर टक्के सहमत. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं ते बकऱ्याचं चामडं वापरात आल्यामुळेच उघडपणे करता आलं. घोरपडीच्या आवाजाचं कौतुक आता थांबवलेलं बरं.

सत्तरी_रान | सकाळी ८:४४
मारा असं मी कुठे म्हटलं? आवाजातला फरक विचारला फक्त. मडक्याची मातीही बदललीय, ते कोणी बोलत नाही.

बाय_मडगाव | सकाळी ९:०२
घुमटांचा वेगळा धागा काढा ना, मीही येते त्यावर. इथे आधी ह्यांचा आवाज येऊ दे.

घुमटवाला_साखळी | दुपारी १:५०
पॅव्हूकंट्रोल टाकायला गेलो तर आधीपासून आहे असं सांगतंय. उघडलं, प्लेबॅकवर काहीच नाही, सध्या कुठलंही ॲप्लिकेशन आवाज काढत नाही एवढंच लिहिलंय. म्हणजे फायरफॉक्सच बिघडलाय ना? काढून परत टाकू का? संध्याकाळी पोरं येतील, त्याच्या आत व्हायला पाहिजे.

म्हापसा_बाजार | दुपारी १:५८
टाका परत. आणि होम फोल्डरमध्ये लपलेल्या डॉट लोकल फोल्डरात स्टेट, त्यात वायरप्लंबर (पाइपवायरची सेटिंग सांभाळणारा भाग) नावाचं फोल्डर आहे ते पूर्ण उडवून रिस्टार्ट करा. सगळं कोरं होतं.

पेंग्विन_फोंडा | दुपारी २:०४
थांबा थांबा, काहीही काढू नका, काहीही उडवू नका. प्लेबॅकवर फक्त त्या क्षणाला वाजत असलेल्या गोष्टी दिसतात. आधी फायरफॉक्समध्ये व्हिडिओ चालू करा, तो चालू ठेवूनच पॅव्हूकंट्रोलच्या खिडकीत या.
म्हापसेकर, ते फोल्डर उडवण्याचा उपाय चुकीचा नाही, पण त्यात प्रत्येक प्रोग्रामचा व्हॉल्यूम, निवडलेलं आउटपुट सगळं पुसलं जातं आणि मग नेमकं काय झालं होतं ते कधीच कळत नाही.
आणि एक विचारतो, पॅव्हूकंट्रोल आधीपासून कसं? मला सिनॅमनवर ते स्वतः टाकावं लागलं होतं. तुम्ही टाकलं नाही तर कोणी टाकलं?

घुमटवाला_साखळी | दुपारी २:३७
भाच्याने टाकलं असेल. शनिवारी-रविवारी तो इथे होता, त्याच्या परीक्षेची व्हिडिओ लेक्चर बघत होता हेडफोन लावून.

पेंग्विन_फोंडा | दुपारी २:३९
हेडफोन कुठे लावला होता?

घुमटवाला_साखळी | दुपारी २:४८
सीपीयूची वायर टेबलाच्या मागे अडकलेली असते म्हणून मॉनिटरला मागे एक भोक आहे त्यात लावायचा. मॉनिटर नवीन आहे, एचडीएमआयवर, त्याला स्वतःचे स्पीकर नाहीत. पण तो हेडफोन घेऊन घरी गेला, आता तिथे काही लावलेलं नाही. आणि साउंड सेटिंगमध्ये आउटपुटला मी मागच्या पिनवालं कार्डच निवडलंय, चारदा बघितलं.

पेंग्विन_फोंडा | दुपारी २:५७
सापडलं बहुतेक. तुमचा प्रोसेसर रायझन आहे का? त्यात एचडीएमआयचा आवाज हे एक वेगळं कार्ड आणि मागची हिरवी पिन हे दुसरं कार्ड, दोन्ही एकाच वेळी जिवंत असतात. भाच्याने पॅव्हूकंट्रोलमधून फक्त फायरफॉक्स एचडीएमआयवर वळवला, बाकीचं तसंच ठेवलं. कुठल्या प्रोग्रामचा आवाज कुठे पाठवायचा हे सिस्टिम लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी आपणहून तिथेच पाठवते. साउंड सेटिंगमधलं आउटपुट हे ज्यांना असं वेगळं ठिकाण ठरवून दिलेलं नाही त्यांच्यासाठी असतं, म्हणून व्हीएलसी आणि क्रोमियम स्पीकरवर आले आणि फायरफॉक्स अजून त्या रिकाम्या भोकातच वाजतोय. मॉनिटर चालू आहे तोवर सिस्टिमला ते आउटपुट हजर दिसतं, तिथे हेडफोन आहे की नाही हे तिला कळायचा मार्ग नाही.
व्हिडिओ चालू ठेवा, प्लेबॅकमध्ये फायरफॉक्सच्या ओळीत उजव्या बाजूला कार्डाचं नाव असलेलं बटण आहे, त्यावर क्लिक करा आणि ॲनालॉग स्टिरिओ असं ज्याच्या शेवटी आहे ते निवडा.

डिचोली_नाका | दुपारी ३:१०
ब्लूटूथ स्पीकर घेतला असता तर हा प्रश्नच आला नसता. फक्त माइक चालू झाला की आवाज फोनसारखा बारीक होतो, तेवढं सांभाळायचं.

घुमटवाला_साखळी | दुपारी ३:३३
आला!!! आवाज आला!!!
व्हिडिओ चालू केला, पॅव्हूकंट्रोलमध्ये फायरफॉक्सची ओळ आली, तिच्याखालची हिरवी पट्टी तालावर उडत होती आणि खोलीत शांतता, ते बघूनच अंगावर काटा आला. बाबा वाजवतायत ते दिसतंय, पट्टी त्यांच्या हाताबरोबर हलतेय आणि ऐकू काही नाही. उजवीकडे रेडिऑन हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर डिजिटल स्टिरिओ असं होतं. बटण दाबलं, दुसरं नाव निवडलं आणि मधूनच, आरतीच्या दुसऱ्या कडव्यात, एकदम शामेळ सुरू झालं. आई स्वयंपाकघरातून हातातलं टाकून बाहेर आली.
पेंग्विनभाऊ, देव बरें करूं. ताई, क्रोमियममध्ये बघा असं तुम्ही सांगितलं नसतं तर मी आज फायरफॉक्स काढून परत टाकत बसलो असतो. मॉनिटरचं आणि भाच्याचं आधीच सांगायला हवं होतं, मला त्याचा काही संबंधच वाटला नाही.

पेंग्विन_फोंडा | दुपारी ३:४०
फार बरं वाटलं. आता कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा आणि परत बघा, आता त्याने हेच नवीन ठिकाण लक्षात ठेवलेलं असायला हवं. भाचा परत आला तर फायरफॉक्सऐवजी त्याला साउंड सेटिंगमधून आउटपुट बदलायला सांगा, ते निदान समोर दिसतं.

म्हापसा_बाजार | दुपारी ४:०५
चांगलं झालं. पाइपवायरबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण इथे त्याचा दोष नव्हता हे मान्य करतो. पल्सऑडिओसुद्धा प्रोग्रामचं आउटपुट असंच लक्षात ठेवायचं.

बाय_मडगाव | दुपारी ४:२०
शुक्रवारच्या ट्रेनिंगआधी माइक पण तपासून ठेवा, त्याच पॅव्हूकंट्रोलमध्ये इनपुट डिव्हायसेसचा टॅब आहे, बोलताना तिथली पट्टी हलली पाहिजे.

घुमटवाला_साखळी | रात्री ९:१५
रिस्टार्टनंतरही आवाज आहे. माइकपण बघितला, चालतो. पोरं सहा वाजता आली, आठला गेली, सगळ्यात धाकट्याला पहिल्यांदा डाव्या तळव्याची उघडझाप जमली.

सत्तरी_रान | रात्री ९:२८
त्या रेकॉर्डिंगची लिंक मिळेल का? आमच्या पोरांनाही ऐकवतो. मातीचं पण बोलायचंय तुमच्याशी.

घुमटवाला_साखळी | रात्री ९:३४
व्यनि (खाजगी निरोप) केलाय. चौदाव्या मिनिटापासून ऐका, तिथे बाकीचे थांबतात आणि शामेळ एकटं आहे.