'गव्हर्नर जनरल्स अवॉर्ड'ला मराठीत काय म्हणाल?

अनुस्वार: दिवाळी अंकासाठी कादंबरीकार रोहिंटन मिस्त्रींवर लिहितेय. त्यांच्या 'सच अ लाँग जर्नी'ला कॅनडाचा १९९१चा गव्हर्नर जनरल्स अवॉर्ड मिळाला, मी 'राज्यपाल पुरस्कार' लिहिलं तर संपादक म्हणतात, कुठल्या राज्याचे राज्यपाल? सुचवा काहीतरी, शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

बोरूबहाद्दर: संपादकांचं बरोबर आहे. तिकडे प्रत्येक प्रांताला लेफ्टनंट गव्हर्नर असतो, राज्यपाल म्हणायचंच तर त्याला म्हणा. गव्हर्नर जनरल अख्ख्या देशाचा, राजाच्या वतीने. हिंदीत महाराज्यपाल चालतं, तेच घ्या.

पाटीपेन्सिल: महाराज्यपाल मराठीत कोण बोलतं हो? राजाजी १९५० पर्यंत गव्हर्नर जनरलच होते आणि आपण शाळेत तसंच शिकलो. आमचे आजोबा लाटसाहेब म्हणायचे, लॉर्डचं लाट.

माळरान: मला वाटायचं लाट म्हणजे दगडी खांब, त्यावरून मोठा माणूस.

पाटीपेन्सिल: नाही हो, तो लाट वेगळा.

आडवाट: पण इथे लाट फिट बसतो की, पुरस्कार सुरू झाला तेव्हा गव्हर्नर जनरल होते लॉर्ड ट्वीड्सम्यूर, म्हणजे कादंबरीकार जॉन बकन. १९३६ सालच्या पुस्तकांपासून. फ्रेंच पुस्तकांना मात्र १९५९ पर्यंत थांबावं लागलं, गाब्रिएल रुआला १९४७चा मिळाला तोही तिच्या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला!

अनुस्वार: मग सरळ 'कॅनडाचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार' लिहू का?

आडवाट: राष्ट्रीय जपून वापरा ताई. क्वेबेक हा तिकडचा फ्रेंचभाषक प्रांत, तिथले लोक आपल्या विधानसभेलाच नॅशनल असेंब्ली म्हणतात. त्यांचं स्वतंत्र राष्ट्र हवं म्हणणाऱ्या कादंबरीकार उबेर आकँने १९६८चा हाच पुरस्कार नाकारला होता.

बोरूबहाद्दर: आणि १९९३ला नॅन्सी ह्यूस्टनवरून केवढा वाद झाला, बाई मूळची इंग्रजीभाषक कॅलगरी शहराची, कादंबरी आधी इंग्रजीत लिहिली, मग स्वतःच फ्रेंचमधे लिहिली, पुरस्कार मिळाला फ्रेंच कादंबरीचा. क्वेबेकचे प्रकाशक म्हणाले हे भाषांतर आहे.

माळरान: स्वतःच्याच पुस्तकाचं कसलं भाषांतर, अनुवाद म्हणा. अनु म्हणजे मागून, वद म्हणजे बोलणे. लेखिका स्वतःच्या मागून पुन्हा बोलली.

पाटीपेन्सिल: अनुवाद हा हिंदीच्या संगतीने बोकाळलेला शब्द, आमच्या वेळी सगळं भाषांतरच होतं आणि काही अडत नव्हतं.

माळरान: अनुवाद संस्कृत आहे, हिंदीच्या बापाचा नाही. शिवाय साहित्य अकादमीचा आहे तो 'अनुवाद पुरस्कार', भाषांतर पुरस्कार कुणी म्हणत नाही.

पाटीपेन्सिल: अकादमीने नाव ठेवलं म्हणून आमचा शब्द कमअस्सल होत नाही.

अनुस्वार: मंडळी, गव्हर्नर जनरल??

बोरूबहाद्दर: महाराज्यपाल. सांगितलं ना वर. आणि पाटीपेन्सिल, 'भाषांतर' तरी तुमच्या आजोबांनी घडवला का, तोही तत्समच.