हीमो की सीएपीडी? घर कळव्यात तिसऱ्या मजल्यावर, नोकरी महापे एमआयडीसीत

कळवा_पूर्व:
काकांना (वय ५२) दोन-तीन महिन्यांत डायलिसिस लागेल. किडनीचे डॉक्टर म्हणाले, हीमो (सेंटरवर मशीनने रक्त साफ करणं) आणि सीएपीडी (घरीच पोटातल्या नळीतून पिशवीतलं द्रावण भरून काढणं) दोन्ही चालतील, घरी बोलून ठरवा. वन रूम किचन, लिफ्ट नाही, पाणी सकाळी तासभर. कारखान्यात पहिली पाळी, ७ ते ३. घरी काकू आणि कॉलेजात जाणारा मुलगा. औषधपाणी डॉक्टर बघतील, बाकी काय काय बघायचं?

सुई_नंबर_१६:
हीमोचे चार तास म्हणजे नुसते मशीनचे. वजन, बीपी, सुया टोचणं, शेवटी सुया काढून रक्त थांबेपर्यंत दाबून बसणं आणि येणं-जाणं धरलं तर सहा तास जातात, तेही आठवड्यातून तीनदा. म्हणून आधी सेंटरला विचारा, कुठली शिफ्ट रिकामी आहे. नव्या पेशंटला सहसा उरलेली मिळते. काकांना दुपारी चारनंतरचीच हवी, म्हणजे घरी यायला रात्रीचे दहा. सकाळची मिळाली तर नोकरीचंच बघावं लागेल.

सेंटर घराजवळचं घ्या, कंपनीजवळचं नको. जाताना माणूस ठीक असतो, येताना बीपी उतरलेलं असतं आणि वर तीन जिने. घोडबंदर रोडवरचं कितीही चकाचक असलं तरी ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उशीर झाला की तेवढं डायलिसिस कापलं जातं, कारण मागचा पेशंट खुर्चीची वाट बघत असतो. मग अंगात पाणी राहतं, पुढच्या वेळी जास्त ओढावं लागतं, पायात गोळे येतात. फिस्टुलाच्या (सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेच्या) हातावर पिशवी अडकवायची नाही, लोकलच्या गर्दीत तो हात आतल्या बाजूला.

हीमोच घ्यायचं ठरलं तर फिस्टुला आत्ताच करून घ्या. तो तयार व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. उशीर केला तर मानेत कॅथेटर (नळी) घालून सुरुवात करावी लागते.

पिशवीवाली_ताई:
सीएपीडीत प्रवास नाही, पण सामान घरी येतं. दिवसाला दोन लिटरच्या तीन-चार पिशव्या, म्हणजे महिन्याला १८० ते २४० किलो. डिलिव्हरीवाला तिसऱ्या मजल्यावर चढवेल की खाली ठेवून जाईल, हे ऑर्डरआधी ठरवा. खोके फळीवर, ओल आलेल्या भिंतीपासून लांब. पत्र्याखालचा तापणारा माळा नको. पंधरा दिवसांचा साठा कायम हवा. जुलैत गाड्या बंद पडल्या की त्याची किंमत कळते.

एका एक्स्चेंजला (पोटातलं जुनं पाणी काढून नवं भरायला) अर्धा-पाऊण तास. दार-खिडकी बंद, पंखा बंद, मास्क, साबणाने हात धुऊन कोरडे. पिशवी कोरड्या उष्णतेने कोमट करायची, गरम पाण्यात बुडवायची नाही. पाणी तासभरच येतं तर हात धुवायला नळ असलेलं झाकणाचं पिंप ठेवा. तांब्याने पाणी घेतलं की धुतलेला हात पुन्हा तांब्याला लागतो. पोटातून आलेलं पाणी संडासात ओततात. संडास चाळीसारखा सामाईक असेल तर रोज चार वेळा ते नेणं नकोसं होतं. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं तर पिशवी फेकू नका, ती घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पहिल्या पाळीला सीएपीडी बरी बसते: पहाटे, दुपारी घरी आल्यावर, झोपताना. चौथी लागली तर कंपनीत स्वच्छ बंद खोली पाहिजे, शॉप फ्लोअरवर जमणार नाही. आणि ट्रेनिंग काकांनीच घ्यावं. आपल्याकडे सगळं बाईच्या गळ्यात टाकतात आणि ती माहेरी गेली की घरभर पळापळ.

आरोग्यमित्र_डेस्क:
पैशाची बाजू एकसारखी नाही. महात्मा फुले योजनेत संलग्न रुग्णालयात हीमो कॅशलेस होतं; पिशव्यांचं काय, ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) रेशनकार्ड दाखवून विचारा. पगार २१,००० पर्यंत असून ईएसआयसी (कामगार विमा) कापलं जात असेल तर आधी तिकडे जा. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये हीमोवरच सुरू झाला, त्यामुळे सरकारी व्यवस्था अजूनही मशीनभोवतीच आहे. ज्या सेंटरकडे फक्त मशीन आहेत ते सीएपीडीचं नावही काढत नाही, हेही ध्यानात ठेवा.

कळवा_पूर्व:
धन्यवाद. गणपतीला दहा दिवस कणकवलीला जातात, त्याचं काय?

सुई_नंबर_१६:
हीमो असेल तर तिकडच्या सेंटरला महिनाभर आधी फोन करा. हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागतात. चतुर्थीच्या आठवड्यात चाकरमान्यांची गर्दी, जागा आयत्या वेळी मिळत नाही.

पिशवीवाली_ताई:
दिवसाला तीन धरल्या तर तीस पिशव्या, साठ किलो. एसटीत नेऊ नका, पुरवठादाराला गावचा पत्ता देऊन थेट तिकडे पोचवता का विचारा. एक दिवसाच्या पिशव्या आणि मिनीकॅप (नळीच्या तोंडाची टोपणं) मात्र हातातल्या बॅगेत. विहिरीत, नदीत उतरायचं नाही.