मुदत नेमकी कधीपासून मोजायची?

बरेच जण म्हणतात की मुख्य कंत्राटदाराची बिलाचे पैसे देण्याची ६० दिवसांची मुदत मान्य केल्याशिवाय त्याच्याकडून पोटकंत्राट मिळत नाही. नसेलही मिळत, पण खरा घोळ असतो तो दिवस कधीपासून मोजायचे यात. बिल दिल्यापासून, की केलेल्या कामाचं मोजमाप मंजूर झाल्यापासून? मंजुरी लटकली की ६० चे ९० सहज होतात. 'मालकाकडून आले की देऊ' हे कलम तर त्याहून वाईट, मालक आणि मुख्य कंत्राटदाराचं भांडण फुकट तुमच्या गळ्यात. मुदत हलत नसेल तर मालासाठी आगाऊ रक्कम आणि दर पंधरवड्याला बिल मागा. मजुरी काही थांबत नाही. रिटेन्शन, म्हणजे कामाच्या हमीपोटी बिलातून कापून ठेवलेली रक्कम, ५ टक्के आणि नफाही जेमतेम तेवढाच, तर हमीचा काळ संपेपर्यंत अख्खा नफा त्यांच्याकडेच अडकतो. ती रक्कम सोडायची तारीख करारातच लिहून घ्या.