मदत हवी आहे: दुकानातून परत येणारी भाजणी

नमस्कार मंडळी. बडोद्यात मी आणि सासूबाई घरगुती थालिपीठ भाजणी आणि मेतकूट करतो. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या 7 दुकानांत माल ठेवतो. मेतकूट हातोहात खपतं. भाजणीला मात्र पावसाळ्यात दीड महिन्यातच खवट वास येतो. दुकानदार पाकिटं परत करतात आणि तेवढे पैसे हिशेबातून कापतात. फार जीव तुटतो हो.

काल परत आलेलं एक पाकीट उघडलं, तर तळाशी गाठी आणि सीलच्या कडेत पीठ अडकलेलं. धान्य गार करूनच दळायला नेतो; पण गिरणीतून पीठ गरम येतं आणि घाईत तसंच भरलं जातं. चूक तिथेच असेल का? की साधी पिशवी सोडून अ‍ॅल्युमिनियमचे पाऊच घ्यावेत? 200-300 नग बडोद्यात कुठे मिळतील? आणि परतीच्या मालाचं तुम्ही दुकानदाराशी आधी काय ठरवता?