शिवसागर (आसाम): आईबाबांना घेऊन जायचंय, दोन तास पुरतील का?

नाशिकची_वाट

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी आसामला जायचं चाललंय. मी, नवरा आणि माझे आईबाबा. काझीरंगा नक्की आहे, त्यावरचे इथले जुने धागे वाचून काढलेत, त्यामुळे ते विचारत नाही. प्रश्न शिवसागरचा आहे. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. आसामवर सहाशे वर्षं राज्य केलेल्या आहोम राजांबद्दल त्यांनी भरपूर वाचलंय आणि "शिवसागर नसेल तर माझं तिकीट काढू नका" असं घरात जाहीर करून टाकलंय.

ज्यांच्याकडून बुकिंग करतोय ते म्हणतात, तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही, काझीरंगाहून दिब्रुगडला जाताना दोन तास थांबू. खरंच दोन तासांचं काम आहे का?

आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. विमान कुठून कुठे घ्यावं? परमिट वगैरे लागतं का? आधीच धन्यवाद.

उगाच_आपलं

दोन तास पुरतात हो. हायवेला लागूनच रंगघर (राजांची खेळ बघायची इमारत) आणि तलातल घर (जुना राजवाडा) आहे, फोटो काढा, गावात शिवडोल हे शंकराचं देऊळ बघा, पुढे निघा. आम्ही तसंच केलं होतं. उरलेला वेळ काझीरंगात एक सफारी जास्त करा.

नाझिरावाली

नाही नाही, दोन तासांत करू नका! नवऱ्याची नोकरी तेल कंपनीतली, त्यामुळे आम्ही काही वर्षं नाझिऱ्यात राहिलोय. नाशिक-मुंबईकडून कोणी आलं की दाखवायला न्यायचं काम माझंच असायचं. सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे उजेड. जानेवारीत तिथे पाचच्या आतच अंधारून येतं. घड्याळ आपलंच, पण सूर्य खूप आधी उगवतो आणि आधी मावळतो. काझीरंगाहून सकाळी आरामात नाश्ता करून निघालात तर दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून पोहोचेपर्यंत दुपार होते, आणि रंगघरासमोर उभं राहिल्यावर तासाभरात गेट बंद करायची वेळ येते. म्हणून दोन मुक्काम करा. सकाळी लवकर बाहेर पडा, संध्याकाळी तळ्याकाठी बसा.

येतानाच जोरहाटच्या पुढे रस्त्यावर गौरीसागर लागतं, तिथून नामदांगचा दगडी पूल. आहोम राजा रुद्रसिंहाने १७०३ मध्ये बांधला. एकसंध दगडातून केलेला आहे असं सांगतात, आणि कित्येक वर्षं महामार्गाची सगळी वाहतूक त्याच्यावरून जायची. ड्रायव्हर थांबत नाहीत, कारण वरून जाताना तो पूल वाटतच नाही. उतरून बाजूने खाली बघायचं.

शहरात मुक्काम शक्यतो बोरपुखुरीच्या जवळ घ्या. बोरपुखुरी म्हणजे गावाच्या मधोमध असलेलं मोठं तळं. आजूबाजूची जमीन खाली आणि तळ्याचं पाणी वर, हे बाबांना मुद्दाम दाखवा. काठावर तीन देवळं: शिवडोल, विष्णुडोल, देवीडोल. शिवडोल शंभर फुटांहून उंच, वर सोनेरी कळस. आईंना पायऱ्या फारशा चढाव्या लागत नाहीत. हिवाळ्यात तळ्यावर पाणपक्षी भरपूर असतात. संध्याकाळी अर्धं गाव काठावर चालायला येतं.

आणि हे आईंना सांगा: हे तळं राणीने खणवलंय. शिवसिंह राजाला ज्योतिषांनी सांगितलं की तुझ्या राज्याला धोका आहे, तर त्याने राण्यांना 'बरराजा' (म्हणजे मोठा राजा) करून कारभार त्यांच्या हाती दिला. एकीपाठोपाठ एक तीन राण्या, फुलेश्वरी, अंबिका, सर्वेश्वरी. फुलेश्वरीने गौरीसागर खणवलं, अंबिकेने १७३४ च्या सुमाराला हे शिवसागरचं. म्हणजे शहराचं नाव राजावरून आणि काम राणीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी चराइदेव, म्हणजे आहोम राजांच्या दफनाची जागा. शहरापासून तीसेक किलोमीटर. येताना वाटेत गडगावचं कारेंग घर (राजवाडा, आमच्या नाझिऱ्याच्या बाजूलाच), आणि दुपारी उन्हं उतरायच्या आत तलातल घर आणि रंगघर. ती दोन्ही शहरापासून तीन-चार किलोमीटरवर, एकमेकांच्या जवळ आहेत.

गुडघ्यांचं म्हणाल तर चराइदेवला सपाट वाटांवरून फिरता येतं, दफनाच्या ढिगांवर चढायची गरज नाही. तलातल घराच्या पायऱ्या मात्र उंच आणि ओबडधोबड आहेत. आईंना खालच्या कमानींमध्ये बसवा, सावली असते.

बखरवेडा

@नाशिकची_वाट, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. नाझिरावालींनी जागा सांगितल्या, मी थोडा क्रम लावून देतो, नाहीतर तिथे गेल्यावर चार राजधान्या ऐकून डोकं गरगरतं.

सुकाफा १२२८ मध्ये पाटकाई डोंगर ओलांडून आला. राजधानी चराइदेवला झाली १२५३ मध्ये. पुढे ती इकडे तिकडे हलली, सोळाव्या शतकात गडगावला आली, रुद्रसिंहाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रंगपूरला नेली. रंगपूर म्हणजेच आजच्या शिवसागरचा परिसर. १७९४ नंतर जोरहाट. मग ब्रह्मदेशाच्या स्वाऱ्यांनी सगळं खिळखिळं झालं आणि १८२६ च्या यांदाबूच्या तहाने इंग्रज आले. सहाशे वर्षांचं एकच घराणं. राजधानी हलली तरी राजांचं दफन चराइदेवलाच व्हायचं, म्हणून ती जागा शेवटपर्यंत पवित्र राहिली.

ते दफनाचे ढिगारे म्हणजे मोईदाम. आत विटा-दगडांची खोली (जुन्या काळी लाकडाची), वर मातीचा घुमट, भोवती अष्टकोनी भिंत. २०२४ मध्ये दिल्लीत भरलेल्या अधिवेशनात युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतले. ईशान्येतला हा पहिला सांस्कृतिक वारसा. जाहिरातीत 'आसामचे पिरॅमिड' म्हणतात, ते डोक्यातून काढून टाका. पिरॅमिड बघायला गेलात तर गवताची टेकाडं दिसतील. एका टेकाडाच्या पायथ्याशी उभं राहून पुढचं, त्यापुढचं, झाडांआडचं मोजायला लागलं की मग कळतं काय आहे ते.

आता आपल्या माणसांसाठी खास. सराईघाटची लढाई, १६७१. आहोमांचे सेनापती लचित बरफुकनांनी ब्रह्मपुत्रेत मोगलांना अडवलं. मोगलांचा सेनापती कोण? अंबरचा रामसिंग, मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा. हाच रामसिंग १६६६ मध्ये आग्र्यात महाराजांसाठी जामीन राहिला होता. महाराज निसटले आणि औरंगजेबाची खप्पामर्जी याच्यावर झाली. त्यानंतर याला आसामच्या मोहिमेवर धाडलं गेलं. दलदल, पूर, ताप अशा त्या मुलखात जाणं ही तेव्हा शिक्षाच होती म्हणा ना. बाबा शिक्षक आहेत म्हणजे त्यांना हे ठाऊक असणार, पण वाटेत जावयांना सांगायला विषय होईल :)

जोरहाटच्या पुढे होलोंगापारला लचितांची समाधी आहे, आणि तिथेच २०२४ मध्ये चौथऱ्यासकट १२५ फुटांचा पुतळा उभा राहिला. तो घडवला आपल्या धुळ्याच्या गोंदूरच्या राम सुतारांनी. काझीरंगाहून शिवसागरला जाताना वाटेवर आहे, तासभर काढा. खडकवासल्याला एनडीएत सर्वोत्कृष्ट छात्राला मिळणारं लचित बरफुकन सुवर्णपदक याच माणसाच्या नावाचं.

उगाच_आपलं

बखरवेडाभाऊ, भारी माहिती. पण खरं सांगू का, तलातल घरात मला रिकाम्या खोल्या आणि कमानीच दिसल्या. पाटी वाचून काही समजत नाही.

बखरवेडा

रिकाम्या आहेतच, लाकूडकाम सगळं गेलं. म्हणून तर गाईड घ्या म्हणतो. जमिनीखालचे मजले बंद आहेत. दोन भुयारांची कथा प्रत्येक जण सांगतो, एक दिखौ नदीपर्यंत आणि एक थेट गडगावच्या राजवाड्यापर्यंत. कथा म्हणून ऐका, पैसे जास्त देऊ नका.

बघायचं ते भिंतीत बघा. विटा आपल्या विटांपेक्षा पातळ आहेत, आणि चुन्याच्या मसाल्यात चिकट तांदूळ, अंडी वगैरे घालत असं तिथली परंपरा सांगते. जिथे गिलावा उडालाय तिथे वीट आणि सांधा यातला फरक बोटाने कळतो. रंगघराला गेलात की छपराकडे बघा, उपडी घातलेली होडी दिसेल, वर दगडी मगरींची जोडी. प्रमत्तसिंहाने अठराव्या शतकाच्या मध्यात बांधलं. वर बसून राजेलोक बिहूच्या वेळी रेड्यांच्या झुंजी बघायचे. एवढ्याशा दुमजली इमारतीसमोर केवढं मोकळं मैदान ठेवलंय, ते बघितलं की इमारत कशासाठी होती ते आपोआप समजतं.

तांबडा_पांढरा

खाण्यावर कोणी बोललंच नाही, म्हणून मी.

मांसाहारी मंडळींनी मासोर टेंगा (आंबट माशाचं कालवण) आणि कोहळा घातलेलं बदक चुकवू नये. शाकाहारी आईंसाठी: थाळीच्या हॉटेलात शिरल्या शिरल्या 'निरामिष' असा शब्द वापरा, 'व्हेज' म्हटलं की कधी कधी भाजीत मासा नाही एवढाच अर्थ घेतात. आलू पितिका म्हणजे कच्चं मोहरीचं तेल, कांदा, मिरची घालून कुस्करलेला बटाटा, गरम भात, डाळ, पालेभाजी. एवढ्यात पोट भरतं. खार (केळीच्या राखेच्या पाण्यात शिजवलेला पदार्थ) मागवताना विचारा, पपईचा खार शाकाहारी असतो, पण माशाचं डोकं घालूनही करतात. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी नाकाला झोंबतो, नंतर सवय होते.

सकाळी जोलपान शोधा: दही, पोहे, गूळ. आपल्या गोपाळकाल्याच्या जवळचं, बिनतिखटाचं. जानेवारीत माघ बिहू नुकताच झालेला असतो, त्यामुळे तीळपिठा, नारळाचे लाडू दुकानातून मिळतात. प्रवासात आईंच्या पिशवीत तेच ठेवा.

आणि कोणी आदराने तामूल-पान पुढे केलं तर घ्या, पण ओली सुपारी चघळू नका. कानशिलं तापतात, घाम फुटतो. वयस्कर माणसांना तर नकोच.

नाशिकची_वाट

किती छान लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना धागा वाचून दाखवला. रामसिंगाचं त्यांना माहीत होतंच, पण सुतारांच्या पुतळ्याचं नव्हतं, आता तो थांबा पक्का. बुकिंगवाल्यांना सांगून शिवसागरला दोन मुक्काम केले.

दोन शंका. आमचा चराइदेवचा दिवस ३१ जानेवारीला येतोय. तेव्हा काही असतं असं कुठेतरी वाचलं. गर्दी फार असेल तर दिवस बदलू का? आणि मजुलीला जावं का? नवऱ्याला बेट बघायचंय.

नाझिरावाली

बदलू नका! ३१ जानेवारीला मे-दाम-मे-फी असतो, आहोम लोकांची पूर्वजांची पूजा. त्या दिवशी राज्यात सुट्टी असते आणि चराइदेवला मुख्य सोहळा. गर्दी असते, मंत्री वगैरे येतात, गाड्या लांब थांबवतात. आईंना जास्त चालावं लागेल, त्यामुळे अगदी सकाळी पोहोचा आणि दुपारच्या आत निघा. पूजा लांबून बघा, चालू पूजेत पुढे घुसून फोटो काढू नका. शांतपणे मोईदाम बघायचे असतील तर ३० लाच चराइदेव उरका आणि ३१ ला फक्त सोहळा.

मजुली या खेपेला राहू दे. निमातीघाटाहून फेरी, पलीकडे पुन्हा गाडी, फेरीच्या वेळा नदीवर अवलंबून. एक मुक्काम नसेल तर नुसती धावपळ होते. त्याऐवजी जोरहाटच्या बाजूला मरियानीजवळ गिबन वानरांचं अभयारण्य आहे, सकाळी लवकर गेलात तर हुलॉक गिबनची हाक ऐकू येते. जावयांना तेही आवडेल.

उगाच_आपलं

मजुलीबद्दल असहमत. सामागुरी सत्रातले (सत्र म्हणजे वैष्णव मठ) मुखवटे बनवताना बघणं हा माझ्या अख्ख्या आसाम सहलीतला सगळ्यात चांगला भाग होता. बांबूचा सांगाडा, त्यावर कापड आणि माती. पण हो, मुक्काम करूनच.

बखरवेडा

परमिटचं राहिलं. आसामला काही लागत नाही. नागालँड आणि अरुणाचलला इनर लाइन परमिट लागतं. चराइदेव जिल्ह्याला लागूनच नागालँडचा मोन जिल्हा आहे, तेव्हा ड्रायव्हरने "जरा वर जाऊन येऊ" म्हटलं तर परमिटशिवाय नको.

विमान: येताना गुवाहाटी, परतताना दिब्रुगड. शिवसागरहून दिब्रुगड ऐंशीएक किलोमीटर, विमानतळ शहराच्याही पुढे मोहनबारीला, तेव्हा अडीच-तीन तास हातात ठेवा. दिब्रुगडहून मुंबईला येताना साधारणपणे गुवाहाटी किंवा कोलकात्याला बदलावं लागतं. ट्रेनने येणाऱ्यांसाठी जवळचं जंक्शन सिमालुगुडी.

नाशिकची_वाट

गाडीचं काय करावं? काझीरंगाची गाडी तिथेच सोडून शिवसागरला दुसरी मिळेल का?

नाझिरावाली

काझीरंगाचीच गाडी दिब्रुगड विमानतळापर्यंत ठरवा, परतीचं रिकामं भाडं धरूनही सोयीची पडते. आई असताना गाडी बदलण्यात अर्थ नाही. शहरात फिरायला ई-रिक्षा आहेत, पण चराइदेव आणि गडगावला स्वतःची गाडीच हवी. ड्रायव्हरला निघण्याआधीच नामदांग, होलोंगापार, गडगाव ही नावं लिहून द्या, नाहीतर तो सरळ शिवडोलला नेऊन सोडेल. चराइदेवला जाताना खाण्याचा डबा आणि पाणी बरोबर ठेवा, जेवायला परत नाझिऱ्यात या. आणि सकाळी दाट धुकं असतं, पहाटे निघणार असाल तर ड्रायव्हरला घाई करू नका.