‘मूळ रंग’ आणि ‘पॅटिना’ : शब्द सुचवा

सुकाणू : जुन्या स्कूटरींचा रंग कसा टिकवावा यावर मराठीत लिहितोय. दोन शब्दांपाशी अडलोय. ‘ओरिजिनल पेंट’ला ‘मूळ रंग’ चालेल का? आणि ‘पॅटिना’ला, म्हणजे वयाने आणि वापराने रंगावर येणाऱ्या जुनेपणाला, काय म्हणावं? ‘गंजकांती’ असं एक सुचलंय, पण तोंडात बसत नाही.

पानापक्कड : गंजकांती नको हो, त्वचारोगाचं नाव वाटतं.

‘मूळ रंग’ही जपून वापरा. आपल्याकडे छटा म्हणजेही रंग आणि डब्यातून काढून मारतात तोही रंगच. त्यामुळे ‘स्कूटर मूळ रंगात आहे’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. एक, कारखान्यात मारलेला थर अजून पत्र्यावर आहे. दोन, पत्रा उघडा करून, लांबी (खड्डे बुजवणारी पुट्टी) भरून, त्याच छटेचा नवा रंग मारलाय. विकणाऱ्याला हा घोळ सोयीचाच असतो! गॅरेजात सरळ ‘कंपनी पेंट’ म्हणतात, त्यात शंकेला जागा राहत नाही.

शब्दकण : लेखात ‘मूळ थर’ लिहा आणि छटेसाठी ‘मूळ छटा’. वेस्पा या इटालियन स्कूटरच्या बाबतीत हा फरक फार कामाचा आहे. ती बनवणाऱ्या पियाज्योला रंग पुरवणाऱ्या मॅक्स मेयर कंपनीचे रंगक्रमांक आजही सापडतात. क्रमांकावरून छटा पुन्हा बनवता येते. थर कुठून आणणार?

सुकाणू : ‘मूळ थर’ आवडला. पण तो आहे की नाही हे वाचकाला कसं कळेल, तेही लिहायचंय.

पानापक्कड : आधी चोरजागा बघायच्या. बिल्ल्याच्या मागे, सीटखाली, डिकीच्या आत, बाजूच्या डब्यांच्या आतल्या अंगाला. तिथली छटा बाहेरच्यापेक्षा वेगळी असेल किंवा वायरीवर, रबरावर रंगाचे शिंतोडे असतील, तर गाडी पुन्हा रंगवलेली आहे. लोहचुंबक जिथे नीट चिकटत नाही तिथे खाली जाड लांबी.

मग नखाएवढ्या जागेवर 2000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल फिरवा. थर एकात एक कड्यांसारखे उघडतात : वरचा नवा लाल, मग लांबीची करडी कड, मग एखादा फिकट निळा, तळाशी प्रायमर, म्हणजे रंगाआधी पत्र्यावर मारतात तो अस्तराचा थर. प्रायमरला लागून असलेला तो निळा म्हणजे बहुधा तुमचा मूळ थर. कोरडं मात्र घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, धूळ छातीत जाते.

शब्दकण : आता पॅटिना. ‘कळंक’ हा जुना शब्द तांब्या-पितळेचा, रंगाला तो लागू नाही. माझं मत ‘राप’ला. उन्हाने चेहरा रापतो तसा रंगही रापतो. ‘विटणे’ म्हणजे नुसती छटा जाणे. रापण्यात वय आणि वापर दोन्ही येतात.

जुनापत्रा : राप उत्तम, पण त्यात सगळंच कोंबू नका. लोक तेलाच्या थरालाही पॅटिना म्हणतात आणि गंजालाही. प्रत्येकाचा उपाय निराळा, म्हणून शब्दही निराळे हवेत.

किटण : टू-स्ट्रोक इंजिनाचं जळकं तेल आणि धूळ. हे काढायचंच. साबणाचं कोमट पाणी, फार झालं तर थोडं व्हाइट स्पिरिट (सौम्य द्रावक). थिनर नाही, जुना सेल्युलोज रंग त्यात विरघळतो.

राप : हा ठेवायचा. जुन्या एकथरी रंगावर वरून पारदर्शक लॅकर नसतो, म्हणून पॉलिश करताना कापडाला रंग लागतो. तो मळ नव्हे, तुमचा रंगच उतरतोय. कडांवर आणि उठावांवर थर आधीच पातळ असतो, तिथे रबिंग केलं की थेट प्रायमर दिसतो. हलका हात, मग मेण, पुरे. सिलिकॉनवालं पॉलिश टाळा, पुढे कधी डाग भरायचा झाला तर नवा रंग तिथे धरत नाही.

गंज : हा थांबवायचाच. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फुगतो आणि पोपडा सुटतो. वेस्पाला वेगळी चौकट नाही, पत्र्याचं अंगच सगळा भार घेतं. रबरी पायपट्ट्यांखाली गंज शिरला तर तो शोभेचा राहत नाही. सौम्य ऑक्झॅलिक आम्लाने उतरतो, पण हातमोजे घाला आणि आधी कोपऱ्यात करून बघा, काही रंगांची छटा आम्लाने बदलते.

सुकाणू : वा! आणि ‘प्रिझर्वेशन’ला संवर्धन की जतन?

शब्दकण : जतन. संवर्धनात वृद्धी आहे, रंगाचा थर काही वाढत नाही. ‘जीर्णोद्धार’ म्हणाल तर लोक लगेच नवा रंग काढतील.

जुनापत्रा : तंतोतंत.

सुकाणू : ठरलं. शेवटचं एक, ‘टचअप’?

पानापक्कड : टचअपच राहू द्या. ‘डागभरणी’ लिहिलंत तर पेंटर विचारेल, डाग काढायचाय की भरायचाय?